आज कितवा नंबर?

ज्या वर्षी माझं गाणं पहिल्या नंबरावर गेलं, त्या वर्षी मला सारखी झोप यायची. सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की डोळे मिटायचे, ते रसायनीच्या गेटवर कुणीतरी हलवल्यावरच उघडायचे. दुपारी चलनं टाइप करता करता मान खाली जायची. शेवटी डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं, काही निघालं नाही. "कसला ताण वगैरे?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. गोळ्या लिहून देता देता तेच म्हणाले, "तुम्हीच ना त्या, मालिकेच्या गाण्यावाल्या? आज कितवा नंबर?"

"माझं गाणं" असं मी म्हणते खरी. ते कितपत माझं होतं, तेच सांगायचं आहे.

मी एका केमिकल कंपनीत डिस्पॅचला क्लार्क आहे. घर चौक गावाजवळ, कर्जतच्या रस्त्याला लागलं की आत वळणाऱ्या एका गावात. घरी थोडी भातशेती, नवऱ्याचा टेंपो, सासूबाई, एक मुलगी, आणि भिंतीला भिंत लागून थोरल्या दिरांचं घर. गाणं मी माहेरून आणलं. कर्जतला एका बाईंकडे बरीच वर्षं शिकले. त्यांच्याच ओळखीतून लग्नानंतर मुंबईतल्या एका स्टुडिओत मला काम मिळालं, डमी गायचं.

डमी म्हणजे काय हे आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं, आणि मीही कधी समजावत बसले नव्हते. नवं गाणं बांधलं की ते आधी कुणीतरी गाऊन ठेवावं लागतं. त्यावर वाद्यं वाजतात, चाल पक्की होते, पैसे लावणाऱ्यांना ऐकवलं जातं. मग एक दिवस मोठी गायिका येते, कानात ती डमी ऐकत ऐकत स्वतःचं गाते आणि निघून जाते. तिचा आवाज राहतो, आमचा पुसला जातो. नवऱ्याला माल घेऊन मुंबईला जायचं असलं आणि मला सुट्टी असली की मी टेंपोत शेजारी बसून जायचे. माल उतरेपर्यंत माझं गाणं गाऊन व्हायचं. येताना पनवेलच्या पुढे कुठेतरी चहा. मला ते आवडायचं. गाऊन आलं की बरं वाटायचं, आणि पुढे त्याचं काय झालं हे बघायला जावं लागत नव्हतं.

एका मालिकेच्या शीर्षकगीताची डमी मी अशीच गाऊन आले. मोजक्या ओळींचं गाणं. त्यात 'ओसरी' असा एक शब्द होता आणि तो वरच्या सुरात बराच वेळ धरायचा होता. ज्या गायिकेसाठी ते होतं, ती परदेशी कार्यक्रमांना गेली आणि अडकून पडली. मालिकेची तारीख ठरलेली होती. संगीतकाराच्या सहायकाचा फोन आला, "ताई, सध्या तुमचाच ठेवतोय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून भाजीला फोडणी दिली. सध्या हा शब्द मी नीट ऐकला होता. तो बाकी कुणीच ऐकला नाही.

पहिल्या भागाच्या दिवशी सासूबाई टीव्हीपुढे तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी घरात सांगितलेलं नव्हतं. गाणं सुरू झालं आणि त्यांचे हात थांबले.

"हा आवाज आपल्या घरातला हाय," त्या म्हणाल्या.

मुलगी किंचाळली. नवरा बाहेरून धावत आला. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलं का नाय गं?" आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. त्यांचं कौतुक एवढंच असतं.

भिंतीपलीकडून जाऊबाई आल्या आणि खरं प्रकरण तिथून सुरू झालं.

माझ्या जाऊबाई गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा. नाचणीचे पापड, कुरडया, मसाले, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. बाईला बसणं माहीत नाही. ग्रामपंचायतीत पाण्याचा प्रश्न असो की शाळेतलं स्वच्छतागृह, जाऊबाई पदर खोचून पुढे. त्यांनीच शोधून काढलं, की चॅनेलचं एक अ‍ॅप आहे, त्यावर लोक दर आठवड्याला आपल्या आवडत्या गाण्याला मत देतात आणि रविवारी संध्याकाळी पहिली दहा गाणी टीव्हीवर दाखवतात. सिनेमाची आणि मालिकांची, सगळी एकत्र. एका फोनवरून दिवसाला एक मत.

"आपलं गानं त्यात आनायचं," त्या म्हणाल्या.

"ताई, राहू द्या ना," मी म्हणाले. "तिथे मोठमोठी सिनेमाची गाणी असतात."

"असू देत. त्यांना गाव हाय का? आपल्याला गाव हाय."

आमच्या गावात मोबाइलचं नेटवर्क धड मिळत नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर मिळतं. जाऊबाई रोज कामं उरकली की गटातल्या बायांना घेऊन त्या चढावर जायच्या. म्हाताऱ्यांचे फोन, शेतावर गेलेल्या माणसांचे फोन, सगळे एका पापडाच्या डब्यात गोळा करून न्यायच्या. एकेक फोन उघडायचा, अ‍ॅप उघडायचं, गाणं शोधायचं, मत द्यायचं. ओटीपी आला की डब्यातला कुठला फोन वाजला ते शोधायचं. मी बसमधून उतरून घरी येताना हे खालून बघायचे. संध्याकाळच्या उजेडात पदर सावरत उभ्या असलेल्या त्या बाया, आणि मध्ये जाऊबाई एक फोन आभाळाकडे धरून. मला हात करायच्या. मीही करायचे. त्या माझ्यासाठी करत होत्या आणि मला घरात जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं.

गाणं नवव्या नंबरावर आलं. मग सातव्या. दोन रविवार तिथेच राहिलं. जाऊबाईंनी माहेरच्या गावाला कामाला लावलं, खोपोलीला कारखान्यात असलेल्या भाच्यांना सांगितलं, चौकातल्या ढाब्यावर आणि गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. गाणं चौथ्यावर आलं.

तोपर्यंत लोक मला माझ्या नावाने ओळखेनासे झाले होते. मी त्या गाण्यावाली झाले होते. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन नमस्काराऐवजी चार बोटं दाखवायचा. रिक्षावाला आरशातून बघत विचारायचा, "ताई, या रविवारी पयला का?" मी कांदे घेत असले तरी बाजारात कुणीतरी म्हणायचं, एक ओळ म्हणा ना. मी म्हणायचे. म्हटलं नाही तर बाई फुगली असं झालं असतं. कंपनीतल्या साहेबांनी एकदा माल घ्यायला आलेल्या पार्टीच्या लोकांसमोर उभं करून गायला लावलं, टेबलावर ढोकळा होता, आणि 'ओसरी'वर मी सूर धरला तेव्हा एक जण प्लेट पुढे करत दुसऱ्याला हळूच म्हणाला, "घ्या ना." सगळे चांगलेच वागत होते. वाईट कुणीच वागलं नाही. तरी संध्याकाळी घरी आल्यावर मला वाटायचं, दिवसभर कुणीतरी मला काट्यावर ठेवून वजन करतंय, आणि काटा हलतोय म्हणून मी श्वास रोखून उभी आहे.

रविवार सगळ्यात जड. दिरांच्या घरी मोठा टीव्ही, तिथे सगळे जमायचे. मी स्वयंपाकघरात पोळ्या करायला पळायचे. पोळ्यांचं निमित्त चांगलं होतं, ते कुणाला मोडता येत नाही. बाहेरून दहावं, नववं, आठवं असं ओरडणं ऐकू यायचं. आपलं गाणं आलं की जाऊबाई आत येऊन माझ्या पिठाच्या हाताला धरून ओढायच्या. "बघ तर खरी! तुजंच हाय!"

एका आठवड्यात गाणं दुसऱ्या नंबरावर आलं आणि त्याच आठवड्यात सहायकाचा फोन आला. मी ऑफिसात होते. उठून जिन्यात गेले.

"ताई, मॅडम परत आल्यात. गाणं एवढं चाललंय म्हटल्यावर त्यांनी तारीख दिली. परवा रेकॉर्ड करतोय, सोमवारपासून लागेल." थोडं थांबून तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. डमीच होती ना ती."

"वाईट नाही वाटलं," मी म्हणाले. खरंच सांगते, पहिल्यांदा वाटली ती सुटकाच. सुटले, असं वाटलं. जिन्यातल्या कठड्याला टेकून मी जरा वेळ उभी राहिले. मग जागेवर येऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं, की पुढच्या सोमवारपासून ते गाणं रोज घरात लागेल आणि त्यात मी नसेन. तेव्हा ते आपलंच राहावं असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

संध्याकाळी नवरा न्यायला आला, त्याला मी टेंपोत सांगितलं. तो रस्त्याकडे बघत राहिला.

"असं करतात?"

"असंच करतात. मला माहीत होतं."

"वैनीला कोन सांगनार?"

"मी सांगते."

त्याच संध्याकाळी मी पलीकडे गेले. जाऊबाईंच्या पडवीत आजूबाजूच्या गावांतल्या बाया बसल्या होत्या. आता एकच नंबर उरला होता, त्यासाठी मोठी तयारी चालली होती. कोण कुठल्या वाडीला जाणार ते ठरत होतं. मी त्यांना बाजूला बोलावलं. म्हणाले, "ताई, सोमवारपासून गाणं नव्यानं येणार आहे. दुसऱ्या..."

"नव्यानं?" त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही. वळून ओरडल्या, "ऐकलं का गं! आपलं गानं आता नवीन करून दावनार हायत!"

बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी म्हणाले, "ताई, ऐका तरी," पण त्या चहाला सांगायला आत गेल्या होत्या. मी उंबऱ्याशी थोडा वेळ थांबले. एक बाई माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. तेवढं करायलाच माझ्यात जोर होता. घरी येऊन झोपले.

सोमवारी मालिका लागली तेव्हा मी ताटं वाढत होते. नवं गाणं सुरू झालं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मोठ्या माणसाचा आवाज होता. 'ओसरी'वर ती इतकी सहज चढली, की मला माझी धडपड आठवली. नवऱ्याने मान खाली घातली आणि भात कालवत राहिला. मुलगी मोबाइलमध्ये होती, तिला काही कळलं नाही. सासूबाई घास हातात धरून टीव्हीकडे बघत होत्या.

"ही बाई कोन?" त्या म्हणाल्या.

"मोठी गायिका आहे, आई."

"तुला काढलं?"

"काढलं नाही. मी तात्पुरतीच होते."

त्यांनी घास खाल्ला. मग म्हणाल्या, "टीव्ही बंद कर रं," आणि नवऱ्याने बंद केला.  मुलीने विचारलं, काय झालं, तर कुणी काही सांगितलं नाही.

मला वाटलं, उद्या सगळ्या गावाला कळेल. मला काही सांगावंच लागणार नाही. पण कुणालाच कळलं नाही. चाल तीच, शब्द तेच, पडद्यावरची नटी तीच. उलट लोक म्हणाले, नवीन केलंय ते अजून झ्याक झालंय, तुमचा आवाज काय खुललाय! वॉचमन दोन बोटं दाखवत होता. रविवारी त्याने एक दाखवलं असतं, पण रविवारी कंपनीला सुट्टी असते. माझ्या घरासमोर फटाके मात्र लागले. गाणं पहिलं आलं होतं.

जाऊबाई धावत आल्या, मला मिठी मारली आणि रडल्या. मोठ्या धीराची बाई, दिरांच्या आजारपणात कधी डोळ्याला पाणी आणलं नाही, ती माझ्या खांद्यावर हमसून हमसून रडत होती. त्यांच्या मागे अंगणभर लोक. पुढच्या रविवारी समाजमंदिरात सत्कार, हे तिथल्या तिथे ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना परसात गाठलं. त्या एकट्याच होत्या, धुणं वाळत घालत होत्या. या वेळी मी मधे बोलू दिलं नाही. डमी म्हणजे काय इथपासून सगळं सांगितलं. ओली साडी हातात धरून त्या ऐकत राहिल्या. माझं संपलं तेव्हा पायरीवर बसल्या.

"म्हंजे पयला नंबर आला तो तिचा?"

"गाण्याचा आला."

"मंग मी कुनाला मत दिलं गं?"

 मी शेजारी बसले.  मग त्या उठून आत गेल्या, फोन घेऊन आल्या आणि अ‍ॅपवरच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. तो लागेपर्यंत खूप वेळ एक संगीत वाजत राहिलं. त्यांनी स्पीकर चालू केला.

एक मुलगी बोलली. जाऊबाईंनी तिला सगळं सांगितलं. गाव कुठलं, टाकीचा चढ कसा, बाया किती लांबून येतात, पहिला आवाज कुणाचा होता, आता कुणाचा आहे. मुलीने मधे तोडलं नाही. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "तर आमची मतं परत द्या. आमी ती हिला दिली होती."

"मॅडम," ती मुलगी म्हणाली, "मत गाण्याला असतं. गायिकेला नसतं. तशी सोय नाही आपल्याकडे."

"मंग सोय करा."

"मी तुमची तक्रार पुढे पाठवते, मॅडम. आणखी काही मदत करू शकते?"

तिचा आवाज इतका दमलेला होता, की मला तिची कीव आली. दिवसभर असेच फोन घेत असेल. जाऊबाईंनाही ते जाणवलं असावं. त्या म्हणाल्या, "नको बाय. तू जेवलीस का?"  मग ती म्हणाली, "नाही अजून," आणि फोन कट झाला.

सत्कार रद्द करता येईना. फ्लेक्स लागला होता. माझ्या कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता, त्यात मी आजारी दिसते. आचाऱ्याला सांगून झालं होतं, आमदारांच्या माणसांना निमंत्रण गेलं होतं.

"मग मी तिथे सांगते," मी म्हणाले. "आता हे मला झेपत नाही."

"सांग," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर राग नव्हता, पण त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. "पन जेवनं झाल्यावर सांग. लोक उपाशी पोटी इचार करत नायत."

तसं झालं नाही, कारण आमच्याकडे सत्कार आधी आणि जेवण मागून असतं. समाजमंदिर भरलं होतं. सरपंच बोलले, आमदारांचा माणूस बोलला, आमच्या मातीतून सूर उगवला असं काहीतरी. शाल अंगावर आली, उकाडा मरणाचा. हातात नारळ. मग सगळे म्हणाले, गाणं, गाणं.

मी गायले. जसं मी आधी गायले होते तसंच, 'ओसरी'वर थोडी धडपडत. टाळ्या पडल्या. माइक हातात होताच. मी म्हणाले, "एक सांगायचंय. तुम्ही टीव्हीवर हल्ली जो आवाज ऐकता, तो माझा नाही. आधी माझा होता. आता मोठ्या गायिकेने गायलंय. पहिला नंबर आला तेव्हा त्यात मी नव्हते. तुम्ही सगळ्यांनी इतकं केलंत, म्हणून तुम्हाला ठाऊक असावं."

पंख्यांचा आवाज येत होता. पुढच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी हात वर केला.

"पन गानं तेच हाय ना?"

"गाणं तेच आहे, काका."

"मंग झालं की!" ते मागे वळून लोकांना म्हणाले, "गानं तेच हाय."

लोक हसले. पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जरा मोठ्याच. बायकांच्या बाजूने सासूबाईंचा आवाज आला, "तेच नाय," पण तो पुढेपर्यंत पोचला नाही. सरपंचांनी माइक घेतला आणि म्हणाले, "ताईंचा मोठेपणा बघा! चला, पानं मांडली आहेत."

आणि सगळे उठले.

मी शाल घेऊन तिथेच खुर्चीवर बसून राहिले. इतके दिवस मी ज्याला घाबरत होते, ते एवढंसं होतं. कुणी रागावलं नाही, कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण माझा आवाज त्यात असला काय आणि नसला काय, त्यांना काही फरक पडला नव्हता, हेही मला त्या खुर्चीवर बसून कळत होतं. आणि बाहेर पंगतीत कोणीतरी आग्रहाने जिलेबी वाढत होतं. नवरा पान घेऊन आला. "खा," म्हणाला. मी खाल्लं. भूक लागली होती.

फरक फक्त जाऊबाईंना पडला. त्या दिवसापासून त्या टाकीच्या चढावर गेल्या नाहीत. बाकीच्या बाया आठवडाभर गेल्या, मग त्यांचंही थांबलं. गाणं पाचव्यावर घसरलं, मग दहातून निघून गेलं. कुठल्याशा सिनेमाचं नाचाचं गाणं वर आलं होतं. मालिकाही पुढे बंद पडली. वॉचमन पुन्हा नमस्कार करायला लागला. माझी झोप हळूहळू जागेवर आली. पण जाऊबाई आमच्याकडे यायच्या त्या कामापुरत्या. विळी दे, ताक दे, संपलं. मी एकदा म्हणाले, "ताई, माझ्यावर राग आहे का?" त्या म्हणाल्या, "तुज्यावर कशाला? मी दमलेय गं." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ती दमणूक मला ओळखीची होती, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

थंडी सरता सरता आमच्याकडे वाल तयार होतात. भात निघालेल्या शेतात कडवे वाल पेरलेले असतात. ते उपटून आणायचे, वाळवायचे आणि शेंगा सोलायच्या. दर वर्षी आम्ही दोघी एकत्र सोलतो. त्या वर्षी जाऊबाई येतील की नाही मला खात्री नव्हती. त्या आल्या, गोणपाटावर बसल्या आणि शेंगांचा ढीग पुढे ओढला. सासूबाई उन्हाला पाठ करून बसल्या होत्या. आम्ही बराच वेळ सोलत राहिलो. शेंगांचा कडकड आवाज, मधूनच कुत्र्याचं भुंकणं.

माझा फोन वाजला. स्टुडिओतला सहायक होता. नवीन मालिका, नवीन शीर्षकगीत, शनिवारी जमेल का? मी नवऱ्याला विचारून सांगते म्हणाले, कारण टेंपो कुठे जाणार ते बघायचं होतं. फोन ठेवला. जाऊबाईंनी मान वर केली नाही.

"परत तेच का?"

"हो. डमीच."

"जानार?"

"जाईन. मला गायला आवडतं, ताई."

त्यांनी एक शेंग फोडली, त्यातले दाणे सुपात टाकले, आणि कीड लागलेला एक बाजूला फेकला. "या खेपेला कुनासाठी?"

"अजून सांगितलं नाही त्यांनी."

"सांगितलं तरी मला सांगू नको," त्या म्हणाल्या. "मालिका कुठली तेबी नको. मला ते अ‍ॅप बघवत नाय आता."

"नाही सांगणार."

"गाऊन ये. आल्यावर मला इथं बसून म्हनून दाव. तेवढंच."

सासूबाई उन्हातून म्हणाल्या, "मलाबी."

शनिवारी मी गाऊन आले. चांगलं झालं, असं तिकडचे म्हणाले. पनवेलच्या पुढे चहा प्यायलो आणि घरी आलो तर दिवे लागायची वेळ झाली होती. जाऊबाई पडवीत वाट बघत होत्या. मी म्हणाले, "उद्या म्हणते हं, ताई. आज घसा दमलाय." त्या म्हणाल्या, "दमनारच की. चल, तुजं जेवान झाकून ठेवलंय." मी हातपाय धुवायला मागच्या दारी गेले.